दिवाणखान्यातला पियानो

छत्रपती संभाजीनगर

चि. ईशान यास,


तुझा मोबाइलवरचा लांबलचक मजकूर वाचला. त्याला तिथंच उत्तर द्यायचं तर माझी बोटं पेटीवर चालतात तशी त्या काचेवर चालत नाहीत, म्हणून कागद घेऊन बसले. तुझी गाऱ्हाणी दोन. पाचव्या ग्रेडची परीक्षा झाल्यापासून पियानोसमोर बसावंसं वाटत नाही, हे एक. आणि वसतिगृहातल्या कुणीतरी तुला ऐकवलं की पियानोवर मींड निघत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरता येत नाही, तेव्हा ते आपलं वाद्यच नव्हे, हे दुसरं. दुसऱ्यानं पहिल्याला खतपाणी घातलेलं दिसतंय.

गेल्या रविवारी मी इथं एका पियानोच्या बैठकीला जाऊन आले. हो, आपल्याच गावात. छावणीच्या बाजूला एका दंतवैद्यांच्या घरी जुना उभा पियानो आहे. आपल्या गावात पियानो ठेवणारी आणि वाजवणारी जी काही माणसं आहेत, ती अधूनमधून तिथं जमतात. दीपप्रज्वलन नाही, निवेदक नाही, शाल-श्रीफळ नाही, माइक तर नाहीच. खाली सतरंजी, माझ्यासारख्या गुडघेवाल्यांसाठी खुर्च्या, आणि मधल्या सुट्टीत सुशीला आणि चहा. पुण्यात तुला सुशीला कुणी करून घालत नसेल. मुरमुऱ्यांना दाण्याचं कूट लावून केलेली ती पहिल्या घासाला आठवते आणि दुसऱ्याला संपते.

आधी त्या पियानोविषयी सांगते. डॉक्टरांनी त्याची पुढची फळी काढून ठेवली होती, आतलं सगळं दिसावं म्हणून. आत तळाशी एक साधा पिवळा बल्ब जळत होता. मला वाटलं, आम्हाला नीट दिसावं म्हणून लावलाय. तसं नव्हतं. पावसाळाभर तो तसाच जळतो, लाकडाला ओल लागू नये म्हणून. उन्हाळ्यात बल्ब काढायचा आणि त्याच जागी पाण्याचं पातेलं ठेवायचं, हवा फार कोरडी होऊ नये म्हणून. तारांच्या मागं लाकडाचा एक मोठा पातळ पडदा असतो, बहुधा स्प्रूस नावाच्या झाडाचा. आवाज खरा तोच मोठा करतो. दमट हवेत हा पडदा फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. आपल्या एप्रिल-मेच्या रखरखाटात पडदा आक्रसतो आणि सूर उतरतो. अशा पियानोत सव्वादोनशेच्या वर तारा असतात, त्यांचा एकूण ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो आणि तो सोसायला आत बिडाची जाड चौकट असते. शिवाय हातोड्यांना लोकरीचा नमदा असतो, म्हणजे कसर आली. आणि कसर नसेल तर उंदीर. मराठवाड्यात पियानो पाळणं म्हणजे जनावर पाळण्यापेक्षा कमी नव्हे.

शनिवारी पुण्याहून सूर लावणारे आले होते. मी मुद्दाम बैठकीच्या आदल्या दिवशीच जाऊन बसले. पेटीवालीला दुसऱ्याचं वाद्य उघडलेलं पाहायचा मोह आवरत नाही. मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असतात. ते दोन तारांमध्ये रबराची पाचर घालून त्या मुक्या करायचे, उरलेली एक लावायचे, मग दुसरी तिच्याशी मिळवायचे. दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की आवाज हेलकावतो, वां-वां-वां अशा लाटा येतात. किल्ली केसभर फिरवली की लाटा लांबत जातात आणि एका क्षणी थांबतात. तानपुरा लावताना आपण हेच ऐकतो. फरक पुढं आहे. दोन वेगळे सूर एकमेकांशी लावताना त्या गृहस्थांनी काही ठिकाणी लाटा ठेवल्या. मुद्दाम. सा-प जवळजवळ शुद्ध ठेवला, पण सा-ग मध्ये चांगली थरथर राहू दिली. मी भुवया उंचावल्या तर म्हणाले, "ताई, हा गंधार असाच लावायचा असतो."

आता मन लावून वाच, कारण तुझ्या वसतिगृहातल्या पंडिताचा मुद्दा खरा इथं आहे, मींडेत नाही. पियानोवर सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. प्रत्येक भागाचे मोजायच्या सोयीसाठी शंभर कण धरले, तर षड्जापासून गंधार चारशेवर येतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मात्र तीनशे शहाऐंशीच्या आसपास असतो. म्हणजे पियानोचा गंधार चौदा कण चढा. पंचमात फरक अवघा दोन कणांचा, तो कानाला कळतही नाही. हा सौदा का केला? कुठल्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता यावं म्हणून. गाणारा काळी एकमध्ये गावो की पांढरी चारमध्ये, वाद्य पुन्हा लावायला नको. आपली पेटीही याच सौद्यावर चालते.

आणि गंमत बघ, हे ज्या गावात बसून मी लिहितेय त्या गावापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरी, म्हणजे दौलताबाद, आहे. तेराव्या शतकात तिथं यादवराजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, हुद्दा हिशेबाचा, आणि लिहिला काय तर 'संगीतरत्नाकर'. सात अध्यायांचा ग्रंथ: स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य, काही सोडलं नाही. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक पायऱ्या, दाखवायला त्यानं दोन वीणा सांगितल्या, प्रत्येकीला बावीस तारा. एक वीणा अचल ठेवायची, दुसरी एकेक श्रुतीनं उतरवत न्यायची आणि तिचे स्वर पहिलीच्या कुठल्या तारांशी जुळतात ते पाहायचं. हिशेबनीसच तो, सुरांचाही ताळा करून पाहिला. शाळेची सहल दौलताबादला नेली की मी मुलांना हे सांगायची, आणि मुलं भुलभुलैयातल्या वटवाघळांविषयी विचारायची.

पुढं सातशे वर्षांनी हाच ताळा पेटीवर करायचा खटाटोप आपल्याच महाराष्ट्रात झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी बावीस श्रुतींवर 1910 साली पुस्तक काढलं, क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले आणि दोघांच्या हिशेबानुसार विलायतेत श्रुतींची पेटी बनवून घेतली गेली. कौतुक वाटतं मला त्या माणसांचं. पण ती पेटी काही घरोघर गेली नाही. घरोघर गेली ती बारा सुरांचीच, आणि तिनं बोलणीही खाल्ली. 1940 साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत राहिली. मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, परकी आहे. तुला जे ऐकवलं ते सगळं पेटीनं ऐकून घेतलेलं आहे. आणि त्याच काळात आपल्या जालन्याकडचे अप्पा जळगावकर त्याच पेटीवर मोठमोठ्या गवयांच्या मागं बसून असं वाजवत होते की गवई मागं वळून बघत. गोविंदराव टेंब्यांचं तर सोडच. 1911 च्या 'मानापमान'च्या चाली बांधणारा माणूस मुळात पेटीवाला. सूर बारा आहेत की बावीस, हा वाद माझ्या आयुष्यात मिटायचा नाही. बोटांखाली काय आहे ते ओळखून वाजवणारा मात्र लगेच कळतो.

रविवारच्या बैठकीत असा एक मुलगा होता. तुझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, वडील तबला शिकवतात. तो वाजवायला बसला आणि आधी म्हणाला, एक ऐकवतो. उजव्या पायानं पेडल दाबून धरलं, त्यानं सगळ्या तारा मोकळ्या होतात, आणि खर्जातला षड्ज एकदाच वाजवला. थांबला. पहिला ठोका विरला तशी वर दोन सप्तकांवर गंधाराची बारीक रेघ ऐकू यायला लागली, तानपुऱ्यात येते तशीच. ती कानात असतानाच त्यानं पियानोचा गंधार हळूच दाबला. दोन गंधार एकमेकांना घासायला लागले, सेकंदाला दोनेक लाटा. खोलीतल्या पेटीवाल्यांनी, तंबोरेवाल्यांनी माना हलवल्या. एका आजोबांनी चक्क "आई गं" म्हटलं.

मग त्यानं भूप वाजवला. आलाप केला नाही, हे शहाणपण. सरळ झपतालात एक गत धरली. खर्ज फार वेळ ठेवलाच नाही, म्हणजे घासाघासीला जागाच उरली नाही. डावा हात सा-प वर तालाची पावलं टाकतोय, उजवा मोकळा फिरतोय आणि वाक्य संपलं की पेडल सोडून आस तोडतोय. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून मरायला लागतो. हातोडा तारेवर आपटून लगेच मागं पडतो, त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरली तरी सूर फुगवता येत नाही. पेटीचा भाता आपल्या हातात असतो, गळ्यातला श्वास गवयाच्या. पियानोवाल्यानं जे करायचं ते ठोक्याआधीच ठरवायचं. त्यामुळे मी भूप, हंसध्वनी, दुर्गा असे उड्या मारणारे राग पियानोवर आनंदानं ऐकते. दरबारीचा आंदोलित गंधार तिथं शोधायला जाऊ नये. तो नाही. कुणी दाखवलाच तर ती हातचलाखी समजावी. हे माझं मत, भांडायला ये.

यावरही माणसं स्वस्थ बसलेली नाहीत. दिल्लीचा उत्सव लाल लहानपणापासून पियानोवर राग वाजवतो. प्रत्येक सुराची तार जागेवरच वरखाली सरकवता येईल असा एक 'फ्लुइड पियानो' इंग्लंडमध्ये जेफ स्मिथ यांनी बनवला. त्या वाद्यावर उत्सवची तबकडी निघाली आहे. त्याही आधीचे व्ही. बालसारा. मुंबईचे पारशी, 1954 मध्ये कलकत्त्याला गेले आणि तिथलेच झाले. त्यांच्या पियानोवरचं गाणं ऐकलंस तर पियानो आपला की परका हा प्रश्न तुझ्या मनात येणार नाही. बाकी काय येईल ते मला कळव.

आता तुझ्या पहिल्या गाऱ्हाण्याकडे येते. ग्रेडच्या परीक्षांना मी नावं ठेवत नाही. वाचन पक्कं होतं, बोटांना शिस्त लागते. पण वर्षभर तीन तुकडे घोटायचे आणि ते एका परीक्षकाला बंद खोलीत ऐकवून यायचं, यानं माणूस कंटाळणार नाही तर काय होणार? तू गेल्या वर्षभरात कुणासाठी वाजवलंस? आईसाठीसुद्धा नाही, ती म्हणत होती. म्हणे, "तयार नाहीये अजून." तयार कशासाठी?

बैठकीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिनं जी मेजरमधला तो मिन्युएट वाजवला जो सगळे बाखचा म्हणून शिकतात. तो ख्रिश्चन पेट्झोल्ड या माणसाचा. बाखनं बायकोला एक वही भेट दिली, 1725 ची. घरात वाजवायला आवडलेल्या चिजा तिच्यात उतरवल्या जायच्या, त्यात हा होता, म्हणून बाखच्या नावावर चढला. घरच्यांच्या हाताखालची वही! तुमच्या ग्रेडच्या पुस्तकांत तो असा छापतात जणू तो परीक्षेसाठीच जन्मला. मुलीचा डावा हात दुसऱ्या भागात चुकला, तिनं जीभ बाहेर काढली, पुन्हा धरला आणि शेवटापर्यंत गेली. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आले होते. ते नोटेशन वाचत नाहीत. जुनं चित्रपटगीत कानानं बसवलेलं. अंतऱ्याला अडकले तेव्हा समोरच्या तीन बायकांनी गाऊन त्यांना वाट दाखवली. छावणीतल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका बाईंनी एक प्रार्थनागीत वाजवलं, आधी चारही सूर एकत्र, मग मधला एकटाच, मग पुन्हा सगळे, म्हणजे दुसऱ्या खेपेला तो मधला सूर आपोआप ऐकू यावा. एवढ्यात मला स्वरसंवाद म्हणजे काय ते कळलं. एका सुराची वाट धरून चालायची आम्हाला सवय. चार वाटा एकदम चालतात आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही, हे पियानोनं मला या वयात शिकवलं. मींड नसल्याची भरपाई म्हणून याकडे बघू नकोस. हे त्याचं स्वतःचं वैभव आहे.

राहिला आपल्या-परक्याचा प्रश्न. जुन्या हिंदी चित्रपटात नायक पार्टीत पियानोपाशी बसून गातो. 1949 च्या 'अंदाज'मधला दिलीपकुमार तर आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो पियानो पडद्यामागं वाजवणारी माणसं बहुतकरून गोव्याची किंवा पारशी. ल्युसिला पाशेको यांच्यासारखी एक बाई त्या पुरुषांच्या वाद्यवृंदांत पियानोवर असायची, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य लिपी वाचायला शिकवत. ती मुलं मुंबईत आली आणि त्यांनी आपल्या चालींना ताना-बाना दिला. आपलं-परकं करणाऱ्यांनी आधी आपल्या आवडत्या शंभर गाण्यांतून पियानो, व्हायोलिन, ॲकॉर्डियन वजा करून दाखवावं.

आणि विलायतेतही पियानो फार मोठ्या सभागृहांसाठी जन्माला आलेला नाही. फ्लोरेन्सच्या राजघराण्याच्या वाद्यांची देखभाल करणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं 1700 च्या सुमारास तो बनवला, तेव्हा तो आजच्यापेक्षा कितीतरी नाजूक आवाजाचा होता. शूबर्टचंच घे. व्हिएन्नात मित्रांच्या घरी संध्याकाळी माणसं जमायची, शूबर्ट पियानोवर, कुणी गातंय, मग खाणंपिणं, मग नाच. ह्या बैठकांना त्याचंच नाव पडलं होतं. निव्वळ स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल त्यानं जन्मात एकच केली, 26 मार्च 1828 ला, आणि त्याच नोव्हेंबरात एकतिसाव्या वर्षी गेला. सहाशेच्या वर गाणी लिहिणाऱ्या माणसाचं बरंचसं संगीत पहिल्यांदा ऐकलं ते दिवाणखान्यातल्या वीस-पंचवीस लोकांनी. आपल्याकडेही खरं गाणं कुठं झालं? कुणाच्या तरी माडीवर, गाद्या घालून, रात्री साडेनऊनंतर. तिकीट काढून आलेला श्रोता घड्याळाकडे बघतो. बैठकीतला श्रोता गवयाच्या तोंडाकडे बघतो, चुकलं की त्यालाही कळतं, जमलं की तो आधी "वा" म्हणतो. पियानोच्या बैठकीत "वा" म्हणावं की नाही, यावरून थोडी कुजबुज झाली खरी. डॉक्टरांच्या पुण्याच्या पाहुण्यांना ते खटकलं असावं. मी म्हटलं. दाबून ठेवलेली दाद पोटात दुखते.

एक गोष्ट मात्र त्या पाहुण्यांची पटली. ते म्हणाले, पियानो वाजत असताना खुर्ची वाद्याच्या उजव्या अंगाला, हात दिसतील अशी लावावी. मी लावली. मोठ्या सभागृहात तिसाव्या रांगेतून जे कधी दिसत नाही ते दिसलं: सूर विरायच्या आत पुढचा सूर धरायला बोट आधीच पट्टीवर येऊन थांबलेलं, पायाचा पंजा पेडलवर श्वासासारखा वरखाली होणारा, आणि उघड्या वाद्यात हातोड्यांची रांग गव्हाच्या शेतातून वारा जावा तशी हलणारी. शिकणाऱ्यानं हे चार हात अंतरावरून पाहावं. पुण्यात आहेस, तर मझदा हॉलमध्ये पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम होतात, तिथं जा. मुंबईला एनसीपीएत जा, तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत पियानो कसा उभा राहतो ते ऐक. तेही हवं. पण त्याआधी इथं ये.

पुढची बैठक दिवाळीनंतर आहे, हवा कोरडी व्हायच्या आत. पियानो तेव्हा सुरात असतो. मी डॉक्टरांना तुझं नाव सांगून ठेवलंय. भारी काही बसवू नकोस. शूमाननं 1848 मध्ये लहानांसाठी तुकडे लिहिले, पहिले काही तर थोरल्या लेकीच्या वाढदिवसासाठी, त्यातला एखादा आवडेल तो घे. आणि एक आपलं काही, मनानं बसवलेलं, नाट्यपद असो की सिनेमातलं. तो तबलेवाल्यांचा मुलगा चार हातांनी वाजवायला जोडीदार शोधतोय. दोघांनी एका बाकावर बसून वाजवायचं, एकाचे वरचे सूर, दुसऱ्याचे खालचे. कोपर लागतं, पेडल एकाकडेच द्यावं लागतं. शूबर्टनं त्यासाठी पुष्कळ लिहिलंय. खालची बाजू तू घ्यावीस असं मला वाटतं. तुझी लय पक्की आहे, ती आजोबांकडून आलीय.

रात्रीच्या बसनं आलास तर सकाळी सरळ माझ्याकडेच उतर. आईला सांग, येताना माझ्या पेटीची जुनी खोळ तिच्याकडे राहिलीय ती दे म्हणावं.

तुझी,
आत्याआजी

ता. क. नखं कापून ये. रविवारी एका बाईंची नखं पट्ट्यांवर अशी टकटक वाजत होती की अर्धं लक्ष तिकडेच.